साप ओळखायचा तो चावण्याआधी

मा. संपादक,

स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकात आमच्या तालुक्यातली एक बातमी छापून आली. भातकापणी चालू असताना बांधावर निघालेली ‘अतिविषारी घोणस’ ग्रामस्थांनी मारली आणि अनर्थ टळला, असा मजकूर होता. सोबत फोटो. काठीवर आडवा टाकलेला चारेक फुटांचा साप आणि काठीची दोन टोकं धरून उभे असलेले दोन मुलगे. मी तो फोटो आधी कागदावर पाहिला, मग नातीच्या मोबाइलवर मोठा करून पाहिला. ती घोणस नव्हती. ते अजगराचं पिल्लू होतं.

घोणशीच्या पाठीवर लांबट गोल ठिपक्यांच्या तीन ओळी असतात. साखळीच्या कड्या असाव्यात तसे ते एका मापाचे आणि एका रांगेत येतात. अजगराच्या अंगावरचे डाग वेडेवाकडे, एकासारखा दुसरा नाही, गोधडीला जोडलेल्या ठिगळांसारखे. घोणशीची कातडी खरखरीत, अजगराची तुकतुकीत. फोटो दोन मिनिटं नीट पाहिला असता तर एवढ्यावरून कळलं असतं. अजगराला मारणं हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे गुन्हा आहे आणि बातमीत ती मर्दुमकी म्हणून आली.

त्या मुलांवर माझा राग नाही. कापणीला वाकलेल्या माणसाच्या हातापासून वीतभर अंतरावर गवत हललं की पोटात कसा गोळा येतो ते मला ठाऊक आहे. माझी तक्रार बातमीबद्दल आहे. ती वाचलेल्या सगळ्यांच्या डोक्यात आता घोणस म्हणून अजगराचं चित्र बसलं. उद्या खरी घोणस समोर आली आणि कुणी ‘ही काही ती नव्हे’ म्हणून पाय पुढे टाकला, तर काय करायचं?

मी ३४ वर्षं आरोग्यसेविका म्हणून नोकरी केली. पहिली १९ वर्षं सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या पठारावरच्या, एका उपकेंद्रात आणि पुढची प्राथमिक आरोग्य केंद्रात. लसींचा डबा खांद्याला लावून एका वाडीतून दुसऱ्या वाडीत चालत जायचं, आणि रात्रपाळीला असले की दाराशी रिक्षा थांबल्याचा आवाज कानात तेल घालून ऐकायचा. सापाचं मी शास्त्र शिकलेली नाही. पण साप चावलेली माणसं मी शेकड्यांनी पाहिली, आणि ती कुठून आली, कुठल्या वेळी आली, हातात काय काम होतं, हे सगळ्यांना विचारत गेले. त्यावरून जे कळलं ते लिहिते आहे.

आमच्याकडे साप चावला असं कुणी म्हणत नाही. ‘पान लागलं’ म्हणतात. सापालाही साप म्हणत नाहीत. जनावर म्हणतात, किरडू म्हणतात, आणि दिवेलागणीनंतर तर तेवढंही तोंडातून काढू देत नाहीत. माझी आजीही अशीच. संध्याकाळी पडवीत काही सरकलं तर ती तुळशीकडे पाहून हात जोडायची आणि आम्हाला गप्प बसवायची. या भीतीत एक आदर आहे, आणि त्या आदरामुळे कितीतरी घरांतून साप न मारता सोडले गेले, हे मी मान्य करते. पण ज्याचं नावच घ्यायचं नाही त्याची ओळख पोरांना कशी व्हावी? ‘काय चावलं?’ विचारलं की दहातले आठ जण सांगत, ‘जनावर.’ ‘कसलं होतं?’ ‘काळोखात काय दिसतंय, बाय.’

एक प्रसंग सांगते. गणपतीच्या आदल्या दिवशीची गोष्ट. चाकरमानी आलेले, घर भरलेलं, माजघरात जमिनीवर ओळीने अंथरुणं. मुंबईहून आलेला नऊ वर्षांचा मुलगा पहाटे साडेतीनला पोट दुखतं म्हणून उठला. घरात वडे झाले होते, तेव्हा खाणं बाधलं म्हणून त्याला ओवा आणि मीठ दिलं. पाचला तो म्हणाला, घशात गिळवत नाही. सहाला त्याला आमच्याकडे आणलं. अंगावर कुठे जखम नाही, सूज नाही, ताप नाही. डॉक्टर त्याच्याकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, ‘बाळा, डोळे उघड.’ मुलगा म्हणाला, ‘उघडलेत की.’ त्याच्या पापण्या अर्ध्यावर लोंबत होत्या आणि त्याला ते कळत नव्हतं.

मण्यार. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, दात सुईसारखे बारीक, बहुतेकदा दुखत नाही, खूण राहत नाही. पोटात कळ येते, मग पापण्या पडतात, मग गिळता येत नाही, मग छातीचे स्नायू थांबतात. आम्ही सापाची लस, म्हणजे विष उतरवणारं इंजेक्शन, सुरू केली, डॉक्टरांनी श्वासाची नळी घातली आणि रुग्णवाहिकेत मी त्याच्या उशाशी बसले. हाताने दाबायची रबरी पिशवी असते, अंबू बॅग म्हणतात तिला. ती दाबली की त्याच्या छातीत हवा जाणार, सोडली की बाहेर येणार. दर तीन-चार सेकंदांनी एकदा. दोन तास वळणावळणाचा रस्ता, मधे दोनदा मिरवणुकांनी अडलेला. माझी बोटं वळेनाशी झाली तेव्हा त्याच्या काकांनी पिशवी घेतली आणि मी मोजत राहिले. मुलगा शुद्धीत होता. तो हलू शकत नव्हता, बोलू शकत नव्हता, पण ऐकत होता, म्हणून मी त्याच्याशी सारखी बोलत होते. पाच दिवस तो यंत्रावर होता. वाचला. पुढच्या गणपतीला आईबरोबर आमच्याकडे उकडीचे मोदक घेऊन आला.

या गोष्टीतला खरा भाग मला नंतर कळला. भाताच्या कणगीमागे उंदरांची बिळं होती आणि मण्यार तिथे असावी. दोन दिवस आधी रात्री घरातल्या एका मुलीने ती मागच्या पडवीत पाहिलीही होती. ‘काळं, पांढऱ्या रेघांचं’ असं ती सांगू लागली तेव्हा तिला गप्प केलं गेलं, की रात्रीचं नाव घेऊ नये. तिच्या तोंडून ते दोन शब्द पुरे निघाले असते, आणि ते ऐकणाऱ्या एकाला जरी मण्यार ठाऊक असती, तर त्या रात्री मुलं खाटेवर झोपली असती.

म्हणून मी म्हणते की साप ओळखायचा तो चावण्याआधी. लोकांना उलट वाटतं. त्यांना वाटतं की साप चावला की डॉक्टरला तो दाखवायला हवा, म्हणून चावलेल्या माणसाला बसवून ठेवून बाकीचे काठ्या घेऊन सापामागे धावतात. पिशवीत, बरणीत, एकदा तर जेवणाच्या डब्यात घालून मेलेला साप आमच्या टेबलावर आला आहे. त्यात अर्धा तास जातो. मारताना दुसऱ्यालाही चावतो, आणि मेलेल्या सापाचं तोंडही काही वेळ चावू शकतं. डॉक्टर उपचार करतात ते लक्षणं पाहून. आपल्याकडे मिळणारी लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारांवर एकत्रच चालते, चौघांचं विष थोडं थोडं घोड्यांना टोचून त्यांच्या रक्तापासून ती बनते. लांबूनच मोबाइलवर फोटो मिळाला तर उत्तम, नाही मिळाला तर सरळ निघायचं. हात किंवा पाय हलवायचा नाही, बांगड्या-अंगठ्या काढायच्या, दोरी आवळायची नाही, चिरायचं नाही. १०८ ला फोन. चावल्यानंतरचं एवढंच.

(घाटाकडच्या वाचकांसाठी एक गोष्ट घालते. आंबोलीच्या पट्ट्यात पावसात झुडपांवर चापडा दिसतो. तो विषारी आहे, पण या लशीने त्याचं विष उतरत नाही. तिथे डॉक्टरांना फोटोचा खरा उपयोग होतो.)

चावण्याआधीची ओळख म्हणजे मात्र चार रंगीत चित्रांचा तक्ता नव्हे. असे तक्ते आमच्या केंद्राच्या भिंतीवर होते, शाळेतही होते. त्यातला फुरशाचा फोटो हातभर मोठा होता. आमच्या सड्यावरचं फुरसं बहुतेकदा वीत-दीड वीत, मातीच्या रंगाचं. तक्ता पाहिलेला पोरगा फुरसं म्हणून काहीतरी मोठं शोधत राहील. आपल्या गावचा साप ओळखायचा असेल तर आधी त्याची जागा ओळखायची, त्याची वेळ ओळखायची, मग त्याचं अंग.

सडा म्हणजे काय हे देशावरच्या वाचकाला सांगायला हवं. जांभ्या दगडाचं मैलोन् मैल पसरलेलं सपाट पठार. उन्हाळ्यात त्यावर चप्पल घालूनही पाय भाजतात. श्रावणात त्याच कातळावर पाणी साठून गवत आणि बोटाच्या पेराएवढी निळी-पांढरी फुलं येतात. सातबाऱ्यावर हा ‘पोटखराबा’, म्हणजे लागवडीला निरुपयोगी. याच दगडांच्या भेगांत आणि सुट्या चिऱ्यांखाली फुरसं राहतं. ते विंचू खातं, गोम खातं, किडे, बेडकं, पाली खातं. अंडी घालत नाही, पिल्लंच घालते मादी. दिवसा दगडाखाली, संध्याकाळी आणि रात्री बाहेर, आणि पावसात कातळावर पाणी भरलं की खुरट्या झुडपावर चढून बसतं.

मी पहिल्यांदा ते ऐकलं, मग पाहिलं. नोकरीचं दुसरं वर्ष, ऑक्टोबर, ऊन कलत आलेलं. पायवाटेच्या कडेच्या चिऱ्यावर डबा टेकवायला वाकले आणि तापलेल्या तव्यावर पाण्याचा हबका मारावा तसा आवाज आला. सर्रर्र. थांबून थांबून. डोळ्याला काही दिसेना. मग चिऱ्याच्या सावलीत मातीच हलल्यासारखी वाटली. इंग्रजी आठच्या आकड्यासारखी वेटोळी घालून ते बसलं होतं, आणि जागचं न हलता वेटोळी एकमेकांवर घासत होतं. त्याच्या कुशीवरच्या खवल्यांना करवतीसारखे दाते असतात, ते घासून हा आवाज येतो. तोंडाने फुसकारा टाकत नाही ते, अंगाने बोलतं. डोक्यावर बाणाच्या टोकासारखी फिकट खूण, कुशीवर नागमोडी पांढरी रेघ. मी मागे सरले, ते आवाज करत राहिलं, आणि मी दहा पावलं गेल्यावर थांबलं. त्याने मला जितकं स्पष्ट सांगायचं तितकं सांगितलं होतं. त्यानंतर १७ वर्षं मी त्या वाटेने गेले. चिऱ्यावर टेकायच्या आधी काठीने ठोकायची सवय लागली, ती अजून आहे.

फुरशाने माणूस तडकाफडकी जात नाही, म्हणून त्याला हलकं समजतात. एक बाई माघ महिन्यात तरवा, म्हणजे भाताच्या रोपांची जागा, भाजायला पातेरा, म्हणजे सुकलेला पालापाचोळा, गोळा करत होती. दोन्ही हातांनी ओढून टोपलीत भरताना बोटाला काहीतरी टोचलं. काटा असेल म्हणून तिने चुना लावला. बोट सुजलं, तरी दोन दिवस काम केलं. तिसऱ्या दिवशी सकाळी मिश्री लावताना हिरड्यांतून रक्त आलं ते थांबेना. तेव्हा ती आली. आमच्याकडे त्याची एक साधी चाचणी असते. काचेची कोरडी, नवी नळी घ्यायची, साबणाने धुतलेली चालत नाही. त्यात दोन मिलिलिटर रक्त घालायचं आणि वीस मिनिटं हात लावायचा नाही. मग नळी तिरकी करायची. रक्त दह्यासारखं धरलेलं असलं तर ठीक. तिचं रक्त पाण्यासारखं काचेवरून वाहत गेलं. लस दिली, सहा तासांनी पुन्हा नळी, पुन्हा तेच, पुन्हा लस. तिसऱ्या वेळेला नळी उलटी केली आणि रक्त जागचं हललं नाही, तेव्हा त्या बाईच्या सासूने नळीलाच नमस्कार केला.

पातेरा गोळा करताना, गवत कापताना, गडग्याचा, म्हणजे दगडी कुंपणाचा, ढासळलेला चिरा परत लावताना. फुरशाचे माझ्याकडे आलेले बहुतेक दंश या तीन कामांतले, आणि बहुतेक हाताच्या बोटांवरचे. हे कळल्यावर उपाय अवघड नाही. पातेरा हाताने न ओढता आकडीने ओढायचा. गवतात विळा घालण्याआधी काठी फिरवायची. चिरा उचलताना त्याची आपल्या बाजूची कड उचलायची नाही, ती जागेवर ठेवून पलीकडची कड उचलायची आणि तो आपल्याकडे कलवायचा, म्हणजे खालचं तोंड पलीकडे उघडतं आणि आत जे असेल ते आपल्यापासून दूर निघतं. आमच्या वाडीतले गडी आता तसंच उचलतात. ही माझी युक्ती नव्हे, एका म्हाताऱ्या पाथरवटाने मला शिकवलेली आहे.

घोणशीची जागा वेगळी. तिला उंदीर हवेत, म्हणून ती भाताच्या बांधाला, काजूच्या बागेत, गवताच्या उडवीखाली. थंडीत ती जास्त फिरते. कुकरच्या शिटीसारखी फुसफुसते आणि जागचं लवकर सोडत नाही. नाग वारुळात राहतो असं सगळे म्हणतात, पण वारूळ वाळवीचं असतं, नाग नंतर येतो, आणि आमच्याकडे तो वारुळापेक्षा उंदराच्या बिळात आणि गोठ्याच्या पायात जास्त सापडतो. धामण तर सगळीकडेच. बिचारीला फणा नाही, विष नाही, सहा-सात फुटांची लांबी हाच तिचा अपराध. तिने गाईचे पाय बांधून दूध प्यायल्याची गोष्ट मला प्रत्येक वाडीत ऐकवली गेली, आणि एकाही माणसाने ती स्वतः पाहिलेली नव्हती.

ज्यांची गफलत जिवाशी येते अशा दोन जोड्या मात्र नीट सांगते. पहिली मण्यार आणि बिनविषारी कवड्या. दोन्हींच्या अंगावर पांढरे आडवे पट्टे. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीची मान बहुतेकदा कोरी, पट्टे थोडं मागून सुरू होतात, बारीक, जोडीजोडीने, आणि शेपटीपर्यंत ठसठशीत जातात. कवड्या पाली खायला येतो, म्हणून भिंतीवर, वाशावर, कौलांखाली. मण्यार जमिनीलगत. पिल्लांत हा फरक नेहमी लागत नाही, तेव्हा शंका असली की मण्यारच धरून चालायचं आणि सर्पमित्राला बोलवायचं. दुसरी जोडी फुरसं आणि माणसाला धोका नसलेला मांजऱ्या. डोळ्यांची उभी बाहुली दोघांचीही. पण मांजऱ्या बारीक, लांब, शेपटी दोरीसारखी निमुळती, आणि तो झुडपात. फुरसं आखूड, अंगाने जाड, शेपटी एकदम संपलेली, आणि ते बहुतेक वेळ दगडाशी. मांजऱ्याला फुरसं म्हणून मारलेलं मी इतक्या वेळा पाहिलं आहे की मोजणं सोडून दिलं.

मारून फुरसं संपेल असं ज्यांना वाटतं त्यांना आमच्या जिल्ह्याचा इतिहास माहीत असावा. एकोणिसाव्या शतकात इंग्रज सरकारने रत्नागिरी जिल्ह्यात फुरशामागे बक्षीस लावलं होतं. लोकांनी लाखांनी फुरशी मारून दाखवली आणि पैसे नेले. फुरसं तिथेच आहे, कारण त्याची जागा तिथेच होती. आता उलट चाललं आहे. जागाच काढली जाते आहे. सड्यावर यंत्रं आली, चिरेखाणी झाल्या, कातळ फोडून बाहेरची माती टाकून कलमं लावली. ती लावणाऱ्यांच्या पोटाचा प्रश्न आहे, मी तो नाकारत नाही. माझ्या भावाचीच बाग आहे. पण कातळ फोडला की फुरसं कुठे जातं? बागेच्या गडग्यात, पंपाच्या खोलीत, घराच्या मागे रचलेल्या चिऱ्यांच्या राशीत. पूर्वी ते वाडीपासून अर्ध्या कोसावर होतं, आता मोरीच्या मागे आहे. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत माझ्याकडे घरालगत फुरसं चावलेली मुलं येऊ लागली. आधी तशी येत नसत.

२००० ते २०१९ या वीस वर्षांत देशात सुमारे १२ लाख माणसं सर्पदंशाने गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज संशोधकांनी मांडला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घातलं. २०२४ मध्ये केंद्राने राष्ट्रीय कृती आराखडा आणला, २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे ठरवले, आणि प्रत्येक सर्पदंशाची नोंद सक्तीची करा असं राज्यांना कळवलं. हे चांगलं झालं. पण ती नोंद चावल्यानंतरची आहे. चावण्याआधीची नोंद सरकार ठेवू शकणार नाही, ती गावानेच ठेवायची.

महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांचं नाव कोकणात घरोघरी ठाऊक आहे. विंचवाने माणसं पटापट मरत त्या काळात त्यांनी एकेका रुग्णाच्या उशाशी बसून, पुन्हा पुन्हा नोंदी करून, प्राझोसिन हे औषध लागू पडतं हे दाखवलं. मोठ्या शहरातल्या मोठ्या इस्पितळात बसून ते कळलं नसतं. विंचू जिथे होते तिथेच ते कळलं. मला ते उदाहरण नेहमी धीर देतं.

निवृत्त झाल्यावर मी आमच्या वाडीत एक वही सुरू केली. दोनशे पानी, आडव्या रेघांची, किराणा दुकानात ठेवलेली असते. ज्याला साप दिसेल त्याने लिहायचं: कुठे दिसला, किती वाजता, पाऊस होता की ऊन, तिथे काय काम चाललं होतं, कसा दिसत होता. नाव ठाऊक नसलं तर चित्र काढायचं. सुरुवातीला बायका म्हणाल्या, जनावराचं नाव लिहून ठेवलं तर ते घरी येईल. त्यांना मी म्हटलं, मग नाव नका लिहू, जागा लिहा. जागा लिहायला कुणाचीच हरकत नव्हती. पहिल्या वर्षी ४१ नोंदी झाल्या. त्यात १३ धामणी, पाणवठ्यावरचे विरोळे, नानेटी बऱ्याच, कवड्या सात, हरणटोळ दोन, पावसात निघालेला एक खापरखवल्या, ज्याला आधी सगळे गांडूळ समजले. फुरशी नऊ, त्यातली सहा एकाच गडग्याजवळ. त्या गडग्यालगतची वाट आम्ही सहा हात बाजूला घेतली. खर्च काही आला नाही, एक सकाळ गेली.

नावांचा घोळही या वहीमुळे कळला. एकाच सापाला आमची वाडी एक म्हणते, नदीपलीकडची वाडी दुसरंच, आणि तेच नाव घाटाजवळ तिसऱ्या सापाला. म्हणून मुलांना मी सांगते की नावापुढे चित्र काढा, आणि चित्रापुढे जागा लिहा.

आपल्याकडे माझ्या दोन विनंत्या आहेत. घोणस म्हणून छापलेल्या त्या फोटोची दुरुस्ती त्याच पानावर, त्याच आकारात करा, अजगर आणि घोणस शेजारी ठेवून. आणि यापुढे सापाचा फोटो छापण्याआधी तो एखाद्या जाणकाराला दाखवा. वन खात्याकडे नोंद असलेले सर्पमित्र असतात, फोनवर दोन मिनिटांत सांगतील. जमलं तर ऋतूप्रमाणे चार ओळीही देत जा. वाचक भविष्य वाचायला पान उघडतात, तिथेच बाजूला, ‘या आठवड्यात गवत कापताना फुरशाची काळजी’ एवढं असलं तरी पुरे.

वही पाहायची असेल तर मी पाठवून देईन, पण ती आठ दिवसांत परत हवी, कारण कापणी चालू आहे आणि रोज कुणीतरी लिहायला येतं. परवाची नोंद शेजारच्या सातवीतल्या मुलीची आहे, तिच्याच शब्दांत उतरवते: ‘बेड्यामागचा गडगा, वरून तिसरा थर. संध्याकाळी साडेसहा. पाऊस नुकताच थांबला. वीतभर, मातीच्या रंगाचं, आवाज करत होतं. बाबा चिरे लावणार होते. आता उद्या ऊन पडल्यावर काठीने ठोकून लावणार.’

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका,
ता. राजापूर, जि. रत्नागिरी